विटंबना कुणी केली?

युरोपातील जुन्या चर्चमधल्या रंगीत काचचित्रांविषयी आपल्या समाजात बोलणे निघाले की दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले मत रसिकांचे. ते म्हणतात, कला ही कला आहे. तिच्या पोटात काय दडले आहे हे उकरीत बसणे म्हणजे गुलाब हाती घेऊन खताची चर्चा करणे होय. दुसरे मत श्रद्धाळूंचे. ते म्हणतात, चारपाचशे वर्षांपूर्वीच्या गोष्टी आज चव्हाट्यावर आणून ख्रिस्तसभेच्या निंदकांच्या हाती कोलीत का द्यावे? ही मते मांडणारी माणसे सज्जन आहेत, आणि म्हणूनच त्यांना उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. ज्या काचेने माणसांवर खोटा आरोप केला, तिचा आरोप खोटा आहे हे त्याच काचेखाली उभे राहून मोठ्याने सांगितले पाहिजे. आणि ते सांगण्याचे काम निंदकांचे नाही, वेदीवर मिस्साबली अर्पण करणाऱ्यांचे आहे.

उदाहरण घेऊ ते बेल्जियमचे. ब्रसेल्स या राजधानीत संत मायकल व संत गुडुला यांच्या नावाचे भव्य कॅथेड्रल आहे. त्याच्या उत्तर अंगास १५३० च्या दशकात 'चमत्काराच्या पवित्र साक्रामेंता'चे एक खास चॅपल बांधण्यात आले. आज तेथे कॅथेड्रलचा खजिना मांडलेला आहे. या चॅपलमधली आणि चर्चच्या दोन्ही बाहूंतली काचचित्रे प्रबोधनकालातील या कलेचा कळस मानली जातात. बर्नार्ड व्हॅन ओर्ले आणि मिखिल कॉक्सी या नामांकित चित्रकारांनी त्यांचे आराखडे काढले. काचेच्या रसात धातूंचे क्षार मिसळून रंगवलेले तुकडे, त्यांवर काळपट रंगाने रेखून भट्टीत पक्के केलेले चेहरे, शिशाच्या पट्ट्यांनी साधलेली जोडणी, आणि चांदीच्या क्षाराचा लेप भाजून मिळवलेला तो तेजस्वी पिवळा. चांदी लावावी आणि सोने दिसावे, अशी ही किमया! रसिकांना आम्ही एवढे मोकळेपणाने मान्य करतो की हे काम पाहून डोळे निवतात. उत्तर बाहूतील मोठ्या खिडकीत, १५३७ सालच्या चित्रात, सम्राट पाचवा चार्ल्स आणि सम्राज्ञी इझाबेला विजयकमानीखाली गुडघे टेकून साक्रामेंताला वंदन करीत आहेत. त्या कमानीची खोली, राजवस्त्रांचे जडपण, पाठीमागे पसरलेला उजेड, सारे काही अप्रतिम.

चॅपलच्या खिडक्यांतही देणगीदार असेच खालच्या भागात बसले आहेत, आणि ते कोणी ऐरेगैरे नव्हेत. सम्राटाचा भाऊ फर्डिनांड आहे. बहीण मेरी आणि तिचा पती हंगेरीचा राजा लुई आहे. हा लुई १५२६ मध्येच मोहाचच्या रणांगणावर कामी आला होता आणि त्याची विधवा पुढे ब्रसेल्सहून नेदरलँड्सचा कारभार पाहत होती. बहीण एलिनॉर आणि फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस आहे. बहीण कॅथरिन आणि पोर्तुगालचा तिसरा जॉन आहे. अर्ध्या युरोपचे धनी असलेले एक घराणे हात जोडून बसले आहे असे म्हणा ना! आणि त्यांच्या माथ्यावर, चित्रांच्या वरच्या भागात, एक आख्यान रंगवले आहे.

आख्यान असे. योनाथान नावाच्या एका धनाढ्य ज्यूने साठ सुवर्णनाणी देऊन ब्रसेल्सच्या एका चॅपलमधून पवित्र भाकरी चोरवल्या. तो मारला गेला. त्याच्या विधवेने त्या भाकरी ब्रसेल्सच्या ज्यूंकडे आणल्या, आणि १३७० सालच्या गुड फ्रायडेला त्यांनी सिनेगॉगमध्ये त्यांवर सुऱ्या चालवल्या. भाकरींतून रक्त वाहिले. घाबरून त्यांनी कॅथरिन नावाच्या एका धर्मांतरित स्त्रीला त्या कलोनला पोहोचवण्यास सांगितले, पण तिने सारे धर्मगुरूला कळवले. पुढे अटक, छळ आणि चिता. यहुदाने तीस नाणी घेतली. येथे भाव दुप्पट झाला. कथा रचणाऱ्याला शुभवर्तमान पाठ होते, ते त्याला समजले नव्हते एवढेच.

आता इतिहास काय सांगतो ते पाहू. १३७० च्या स्वर्गारोहण सणाच्या सुमारास ब्रसेल्सच्या ज्यूंना जाळण्यात आले, हे खरे आहे. उरलेल्यांना हद्दपार करण्यात आले, हेही खरे. काळ्या मृत्यूच्या साथीत, १३४९-५० मध्ये, ब्राबांतच्या ज्यूंची एकदा कत्तल झालीच होती. त्यातून पुन्हा रुजलेली लहानशी वस्ती या वेळी संपली. या घटनेचा सर्वांत जुना पुरावा कोणता, हे मात्र वाचकांनी लक्षपूर्वक ऐकावे. तो चमत्काराची साक्ष देणारा लेख नव्हे. तो आहे ब्राबांतच्या ड्यूकच्या वसुली-अधिकाऱ्याचा हिशेब. जाळल्या गेलेल्या ज्यूंच्या मालमत्तेतून काय मिळाले, याची त्यात जमेकडे नोंद आहे. योनाथान, साठ नाणी, सुऱ्या आणि रक्त यांची तपशीलवार कथा आकाराला आली ती पुढच्या शतकात. आधी माणसे जळाली, मग मालमत्ता मोजली गेली, मग कथा सजली आणि शेवटी ती काचेवर चढली. हा क्रम ध्यानात ठेवला म्हणजे गुलाबाची आणि खताची उपमा किती अपुरी आहे हे कळते.

श्रद्धाळू वाचक येथे अडखळतील. ते विचारतील, 'मग आपण साक्रामेंतातील चमत्कार मानायचेच नाहीत काय?' प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीतूनच देणे आम्ही पसंत करतो. संत थॉमस अक्वायनस १२७४ मध्ये निवर्तले, म्हणजे ब्रसेल्सची चिता पेटण्याआधी शहाण्णव वर्षे. त्यांची शिकवण स्पष्ट आहे. वेदीवर भाकर मोडली जाते तेव्हा मोडते ते तिचे दृश्य रूप. ख्रिस्ताचे गौरवशाली शरीर मोडत नाही, त्यास इजा होत नाही. प्रभू साक्रामेंतात खरोखर उपस्थित आहे, परंतु सुरीच्या पात्याला सापडेल अशा रीतीने नव्हे. तेव्हा भाकरीला भोसकून प्रभूला रक्तबंबाळ करता येते, ही कल्पनाच आपल्या ईशज्ञानाशी विसंगत आहे. दुसरी गोष्ट साध्या शहाणपणाची. भाकरीत ख्रिस्त आहे असे ज्याला वाटतच नाही, त्याने जिवावर उदार होऊन ती चोरावी कशाला आणि भोसकावी कशाला? आरोप करणाऱ्यांनी आपलीच श्रद्धा ज्यूंच्या मनात घातली, आणि मग त्या श्रद्धेचा द्रोह केला म्हणून त्यांना जाळले.

'काळच तसा होता' ही सबबही टिकत नाही. पोप चौथे इनोसंट यांनी १२४७ मध्ये, ज्यू ख्रिस्ती बालकांचे रक्त काढतात या आरोपाचा निषेध केला होता. साथीच्या काळात, १३४८ मध्ये, पोप सहावे क्लेमेंट यांनी ज्यूंनी विहिरींत विष कालवले हा प्रवाद खोडून काढला. ज्यूही त्याच रोगाने मरत आहेत हे त्यांनी दाखवून दिले. आणि १४५१ मध्ये कार्डिनल निकोलस ऑफ कूसा यांनी पोपचे प्रतिनिधी या नात्याने जर्मनीत हुकूम काढून रक्ताळलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या भाकरींचे प्रदर्शन मांडण्यास मनाई केली. म्हणजे पाहणारे डोळे त्या काळीही होते. त्यांचे ऐकले गेले नाही, कारण यात्रेकरू येत होते, देणग्या येत होत्या, आणि कर्ज देणाऱ्या ज्यूंचा काटा परस्पर निघत होता. धर्माच्या नावाने चाललेल्या या व्यवहारात धर्म सर्वांत कमी होता.

मग दीडशेहून अधिक वर्षांनंतर, जेव्हा त्या नगरात ज्यूंची वस्ती उरलीच नव्हती, तेव्हा एवढा खर्च करून ही कथा काचेवर कशासाठी आणली? आमच्या मते या चित्रांचा खरा रोख येथेच उघडा पडतो. १५२३ च्या १ जुलैस ब्रसेल्समध्येच हेन्ड्रिक व्होस आणि यान व्हॅन एसेन या दोन तरुण ऑगस्टिनियन मठवासीयांना ल्यूथरची मते सोडण्यास नकार दिला म्हणून जाळण्यात आले होते. ल्यूथरच्या चळवळीचे हे पहिले हुतात्मे. साक्रामेंताविषयी वादंग माजले होते. कोणी ख्रिस्ताची उपस्थिती नाकारत होते, कोणी तिचा अर्थ निराळा लावीत होते. अशा वेळी सम्राटाच्या घराण्याला एक ध्वज हवा होता, आणि 'रक्त वाहणारी भाकर' हा सोयीचा ध्वज होता. बाण प्रॉटेस्टंटांवर सोडायचा होता. प्रत्यंचा ओढली ती मेलेल्या ज्यूंच्या अंगावर पाय देऊन. ज्या माणसांना उत्तर देण्यास आता कोणी वंशजही गावात नव्हते, त्यांना काचेत पुन्हा एकदा सुऱ्या हाती देऊन उभे केले गेले.

थोर संत ग्रेगरी यांनी सन ६०० च्या सुमारास लिहिले होते की जे वाचू शकत नाहीत त्यांच्यासाठी भिंतीवरची चित्रे म्हणजे पुस्तक होय. हे वचन आम्ही सेमिनरीत शिकलो आणि रंगीत काचांवर बोलताना आजही सारे ते उद्धृत करतात. पण त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. चित्र जर पुस्तक असेल तर पुस्तकासारखेच तेही खोटे बोलू शकते. आणि ज्याला वाचता येत नाही त्याला दुसरे पुस्तक उघडून पडताळा पाहण्याची सोय नसते. त्यातून काच ही भिंतीहून अधिक प्रभावी. भिंतीवर प्रकाश पडतो, काचेतून तो येतो. प्रार्थनेसाठी मान वर करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर तो रंग सांडतो. असत्य इतक्या पवित्र जागी, इतक्या सुंदर वेषात भेटले की त्याला ओळखायचे कसे?

हे सारे दूर देशीचे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो त्याच खिडकीत गुडघे टेकून बसला आहे. पोर्तुगालचा हा तिसरा जॉन म्हणजे ज्याच्या राजवटीत, २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने, गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली तोच राजा. दोन वर्षांनी, १५३६ मध्ये, त्याने रोमकडे लकडा लावून पोर्तुगालात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय मिळवले. त्याचा मुख्य रोख सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंच्या वंशजांवर होता. राजाच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये, ते न्यायालय गोव्यात आले आणि १८१२ पर्यंत टिकले. गार्सिया द ओर्ता हे अशाच ज्यू वंशातले वैद्य. मुंबई बेट त्यांच्याकडे खंडाने होते. आपल्याकडील वनौषधींवरचा त्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. ते १५६८ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गोव्यात जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये त्यांची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. ब्रसेल्सच्या काचेत हात जोडलेल्या राजाचे हे दुसरे चित्र आहे, आणि ते आपल्या किनाऱ्यावर काढलेले आहे. आपल्याला श्रद्धा ज्यांच्या जहाजांतून मिळाली त्यांचे उपकार आम्ही नाकारीत नाही. परंतु उपकार मानताना डोळे मिटलेच पाहिजेत, असा दंडक कोणत्याही शुभवर्तमानात आम्हांस आढळला नाही.

एकोणिसाव्या शतकात हा विषय पुन्हा उजळला गेला. जाँ-बाप्तिस्त काप्रोनिये या कारागिराने त्याच चर्चच्या बाजूच्या खिडक्यांतून १८४८ पासून हे आख्यान नव्याने मांडले; देणगीदारांत बेल्जियमचे राजेही होते. १८७० मध्ये पाचशे वर्षांचा उत्सव करण्याचा घाट घातला गेला तेव्हा उदारमतवाद्यांनी त्यावर कडाडून टीका केली. ती मंडळी धर्माची मित्र नव्हती. तरी त्या वादात सत्य त्यांच्या बाजूस होते आणि आपली माणसे उलट बाजूस होती, हे लिहिताना आम्हांस यातना होतात. आणि पुढे १९४२ ते १९४४ या काळात, ज्या मेखलेनला या महाधर्मप्रांताचे पीठ आहे त्याच मेखलेन गावच्या लष्करी बराकीतून पंचवीस हजारांहून अधिक ज्यू आगगाडीत कोंबून आउश्वित्झकडे रवाना करण्यात आले. हे पाप नाझींचे. त्यांची विचारसरणी ख्रिस्ताच्या विरोधातलीच होती. ब्रसेल्सच्या काचांनी त्या गाड्या सोडल्या, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु शेजारचा ज्यू काही तरी काळे करीत असणार, ही शंका शतकानुशतके रविवारच्या उजेडात लोकांच्या मनात झिरपत होती, हे कोण नाकारील?

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र काढून ज्यूद्वेषाच्या प्रत्येक आविष्काराचा धिक्कार केला. त्या प्रकाशात १९६८ मध्ये ब्रसेल्सच्या धर्मप्रांताने जाहीर केले की ज्यूंवरील आरोप पूर्वग्रहदूषित होते आणि चमत्काराची मांडणी दंतकथेच्या स्वरूपाची आहे. १९७७ मध्ये तसा धातूचा फलक बसवण्यात आला. बव्हेरियात डेगेनडॉर्फ येथे १३३८ च्या अशाच कत्तलीवर उभी राहिलेली यात्रा रेगन्सबुर्गच्या बिशपांनी १९९२ मध्ये बंद केली. ही पावले योग्य आहेत, आम्ही त्यांचे स्वागतच करतो. तरीही मनात येते ते लिहितो. खिडकी माणसाच्या कितीतरी पट उंच आणि फलक भिंतीला लागून. खिडकी रंगांनी बोलते आणि फलक अक्षरांनी. शिवाय 'दंतकथा' हा शब्द फार सभ्य आहे. दंतकथेने कोणी जळत नाही. येथे खोटी साक्ष दिली गेली, आणि आठव्या आज्ञेत तिला दंतकथा म्हटलेले नाही.

मग काय, काचा फोडाव्यात? मुळीच नाही. काचा फोडणे हे सोळाव्या शतकातल्या मूर्तिभंजकांचे शास्त्र; पुरावा नष्ट केल्याने गुन्हा नष्ट होत नाही, उलट तो सुटतो. काचा जपाव्यात, शिसे झिजेल तेथे नवे भरावे, धूळ पुसावी. मात्र दरवर्षी ख्रिस्तशरीराच्या सणाला तेथील धर्मगुरूंनी या चित्रांखाली उभे राहून वसुली-अधिकाऱ्याच्या हिशेबातली ती जमेची नोंद भाविकांना वाचून दाखवावी, अशी आमची सूचना आहे. साक्रामेंताची खरी विटंबना कुणी केली, हे त्या एका नोंदीने समजेल. ज्या भाकरीपुढे आपण गुडघे टेकतो ती एका ज्यूने, ज्यूंच्या वल्हांडणाच्या मेजावर, ज्यू मित्रांसाठी मोडली होती. तिच्या नावाने त्याच्याच रक्ताच्या माणसांना चितेवर चढवणे याहून मोठी विटंबना कोणत्या सुरीने साधली असती?

निंदकांच्या हाती कोलीत देऊ नये म्हणणाऱ्यांना आणखी एक विचारायचे आहे. २००८ च्या ऑगस्टमध्ये ओडिशातील कंधमालमध्ये स्वामी लक्ष्मणानंद यांची हत्या झाली. माओवाद्यांनी ती आपण केल्याचे सांगितले, तरी आरोप ठेवला गेला तो ख्रिस्ती लोकांवर, आणि घरे जळाली, चर्चे जळाली, माणसे मारली गेली. एका समाजावर आळ घेतला की त्याच्या दारापर्यंत आग यायला किती वेळ लागतो, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. आपल्यावरील आळाविरुद्ध आपण दाद मागतो. मग आपल्या पूर्वसूरींनी दुसऱ्यांवर घेतलेल्या आळाविषयी मौन पाळून ती दाद कोणत्या तोंडाने मागणार?

आपल्या कोकणात तर ज्यू हा परका शब्दच नाही. रायगडच्या गावांतून शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, म्हणजे बेने इस्राएल, आपल्यासारखीच मराठी बोलत आले. मुंबईत त्यांचे 'शाआर हारहमीम' म्हणजे करुणेचे द्वार हे सिनेगॉग १७९६ पासून उभे आहे. आणि इस्राएलला गेल्यावरही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. या शेजाऱ्यांनी कधी आपल्या वेदीवरची भाकर चोरली, असे आपल्या आज्यापणज्यांनी स्वप्नातही म्हटले नाही. ती कल्पना आपली नव्हे, ती आयात झाली आहे.

आणि आयात अजून चालू आहे, म्हणून हा लेख. साक्रामेंताच्या चमत्कारांच्या ज्या भक्तिपुस्तिका चर्चच्या दारात मिळतात, मोबाइलवर जी चित्रे फिरतात, त्यांत 'एका ज्यूने सुरी खुपसली आणि रक्त आले' अशा कथा कोणत्याही टीपेविना आजही आढळतात. दुःखसहनाची नाटके बसवणाऱ्या आपल्या उत्साही युवकांना जमावातले ज्यू वाकड्या नाकाचे आणि येशू मात्र गोरापान दाखवण्याची हौस असते. दोघेही एकाच आळीतले, हे दिग्दर्शकाच्या गावीही नसते. पुढच्या उपवासकाळात नाटकाची संहिता धर्मगुरूंना दाखवल्याशिवाय तालमी सुरू करू नयेत. पुस्तिकांचे म्हणाल तर आमच्या चर्चच्या दारातल्या मेजावरून अशी एक आम्ही उचलून आणली आहे. ती आमच्या कपाटात आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी संध्याकाळच्या मिस्सानंतर अवश्य यावे. पुस्तिका मिळेल, सोबत थोडे बोलणेही होईल.